पाइपातली दोरी

फॉल्स सीलिंगचा एक चौकोन वर ढकलून बाजूला सरकवायचा, शिडीची आणखी एक पायरी चढून डोकं आत घालायचं आणि टॉर्च फिरवायचा. एवढ्यात मला कळतं, माझ्याआधी इथे कोण येऊन गेलं ते. नाव कळत नाही, स्वभाव कळतो. कुणी केबली ट्रेमध्ये शेजारी शेजारी निजवलेल्या असतात, वळणावर त्यांना मोकळी गोलाई दिलेली असते, ठरावीक अंतरावर वेल्क्रोचा पट्टा असतो, आणि पट्टाही असा की त्याखाली बोट सहज जावं. कुणी त्याच केबली सांगाड्यावर नुसत्या भिरकावलेल्या असतात: दिव्यांच्या चोकवरून, एसीच्या डक्टच्या पत्र्याला घासत, प्लास्टिकच्या टायने गळा आवळलेल्या. खालून दोन्ही छतं सारखीच पांढरीशुभ्र दिसतात.

अठरा वर्षं मी हे काम करते आहे. इमारतींच्या आत नेटवर्कची केबल टाकायची, तांब्याची आणि काचेची. सुरुवातीला या कामातली एक गोष्ट मनाला फार लागायची. आपण महिनाभर राबून जे उभं करतो ते शेवटच्या दिवशी झाकलं जातं. सुताराला आपलं कपाट दाखवता येतं, रंगाऱ्याला भिंत दाखवता येते. मी काय दाखवणार? भिंतीतलं बोटभर फेसप्लेट आणि त्यातलं चौकोनी भोक. आता ते लागत नाही. झाकलेलं काम पाहणारं एक माणूस नक्की असतं. ते फक्त अजून आलेलं नसतं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्यांना सगळे काकाच म्हणायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, टोकावर प्लग आवळायचं, क्रिम्पिंगचं हत्यार हातात मिळेल. काकांनी बॉक्समधून वीतभर केबल कापली, माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "सोल. आणि पीळ मोज."

आवरण काढलं. आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. प्रत्येकीची जोडीदार पांढरी, त्याच रंगाचा पट्टा ओढलेली. मी एकेक जोडी घेऊन पीळ मोजायला लागले. एकीचा घट्ट, एकीचा सैल, चौघींचे आकडे वेगवेगळे. मला वाटलं मोजताना चुकले. पुन्हा मोजले, पुन्हा चार वेगळे आकडे. "वेगळेच यायला हवेत," काका म्हणाले. "सारखे आले असते तर ती केबल मी फेकून दिली असती."

पिळाचं कारण त्यांनी त्याच वीतभर तुकड्यावर समजावलं. दोन तारांवर एकच संदेश उलटसुलट करून पाठवतात, एकीवर अधिक तेव्हा दुसरीवर उणे. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं. बाहेरून जो गोंगाट येतो, विजेच्या तारांचा, मोटारींचा, शेजारच्या जोडीचा, तो पिळामुळे दोघींवर सारखाच पडतो, कारण पीळ घातल्यावर कुठलीच तार कायम बाहेरच्या बाजूला राहत नाही. सारखं पडलेलं फरक काढताना निघून जातं. आता चारही जोड्यांचा पीळ एकाच मापाचा असता, तर शेजारच्या दोन जोड्यांमधल्या त्याच त्या दोन तारा प्रत्येक वळशाला एकमेकींशेजारी आल्या असत्या आणि एकीचं बोलणं दुसरीत झिरपलं असतं. म्हणून माप वेगवेगळं. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी पिळलेल्या जोडीचं पेटंट घेतलं ते १८८१ साली, टेलिफोनच्या तारांवर नको ते आवाज यायचे म्हणून. आज त्याच पिळावरून सेकंदाला १० गिगाबिट जातात. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं. महागडं रसायन नाही, नवा धातू नाही. दोन तारा एकमेकींभोवती नीट गुंडाळलेल्या, बस.

त्यामुळे या कामातली जवळजवळ सगळी शिस्त पीळ जपण्याचीच आहे. टोक बांधताना पीळ उलगडायचा तो जास्तीत जास्त १३ मिलिमीटर, करंगळीच्या रुंदीइतका. नवखा हात नेमका उलट वागतो. त्याला तारा लांबपर्यंत सुट्या करून, सरळ करून, कंगव्याने विंचरल्यासारख्या मांडाव्याशा वाटतात. दिसायला ते सुबक दिसतं. पण जेवढं उलगडलं तेवढ्यात केबलचं कवच गेलं.

माझी स्वतःची चूक याहून मोठी होती.

महिन्याभराने मला एका मजल्याची टोकं बांधायला मिळाली. छतातले २४ पॉइंट, दोन्हीकडे थेट प्लग लावायचे, म्हणजे ४८ टोकं. रंगांचा क्रम पाठ करायला सांगितला होता: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोघींमध्ये निळी जोडी का घुसवायची, हे मला पटेना. कुणाला विचारलं नाही. जोडीला जोडी लागून राहिली तर बरंच की, असं मनाशी ठरवून मी सरळ लावत गेले: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. दोन्ही टोकांना एकसारखं. टेस्टर लावला, एक ते आठ दिवे ओळीने लागले. चोवीसच्या चोवीस केबली पास.

दुसऱ्या दिवशी जवळचे पॉइंट कसेबसे चालत होते आणि लांबच्या पॉइंटवर जोडणी लागायची नि तुटायची. आधी स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन जुळतात ती पेटी, बदलून पाहिला, मग वरची यंत्रं. संध्याकाळी काका आले. त्यांनी एक प्लग उजेडाकडे धरला. प्लग पारदर्शक असतो, आतले रंग दिसतात. त्यांनी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, आणि मग मला शेजारी बसवून घेतलं.

यंत्र पहिल्या-दुसऱ्या पिनेला एक जोडी मानतं आणि तिसऱ्या-सहाव्या पिनेला दुसरी. मी लावलेल्या क्रमात तिसऱ्या पिनेवर हिरव्या जोडीतली तार होती आणि सहाव्या पिनेवर निळ्या जोडीतली. वीज या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जात होती, पण ज्या दोघींनी मिळून एक संदेश न्यायचा त्या एकमेकींभोवती पिळलेल्याच नव्हत्या. प्रत्येक जण परक्या जोडीदाराबरोबर फिरत होती. याला स्प्लिट पेअर म्हणतात. आणि मधल्या चौथ्या-पाचव्या पिना निळ्या जोडीला दिल्या, कारण जुन्या टेलिफोनच्या प्लगमध्ये मधल्या दोन पिनांवर लाइन असायची. तिला धक्का न लावता पुढची जोडी तिच्या दोन बाजूंना बसवली. विचित्र दिसणाऱ्या क्रमाला असा इतिहास होता.

"पण टेस्टरवर सगळे दिवे लागले होते," मी म्हणाले.

"टेस्टर खोटं बोलला नाही," काका म्हणाले. "तू त्याला जेवढं विचारलंस तेवढंच त्याने सांगितलं."

आम्ही ४८ टोकं कापली आणि पुन्हा बांधली. रात्री उशिरापर्यंत काका शेजारी बसून आवरण सोलून देत होते आणि मी क्रम लावत होते. टोक कापलं की केबल तेवढी आखूड होते, तरी एकही केबल कमी पडली नाही. प्रत्येक पॉइंटच्या वर काकांनी आधीच दोन-तीन हात केबल लूप करून ठेवली होती. माझ्याकडून चूक होईल हे त्यांना ठाऊक होतं, असं मी तेव्हा समजले. पुढे लक्षात आलं, ते सगळ्याच कामांवर तसा लूप ठेवायचे, टोक कुणीही बांधणार असो.

दिवे लागणं आणि केबल चांगली असणं यांतलं अंतर मला तिथे दिसलं. मोठा, प्रमाणपत्र देणारा टेस्टर केबलमधून वेगवेगळ्या वारंवारितांचे संदेश सोडतो, कॅट सिक्स दर्जाची केबल असेल तर २५० मेगाहर्ट्झपर्यंत, सिक्स ए असेल तर ५०० पर्यंत, आणि मोजतो: किती वाटेत विरलं, किती शेजारच्या जोडीत झिरपलं, किती धडकून परत आलं. तो स्प्लिट पेअर एका झटक्यात पकडतो. असं यंत्र हाताशी असेल तर मी प्रत्येक पॉइंटचा अहवाल काढते, घाई कितीही असो. कारण ढिल्या कामाला लपायला जागा भरपूर आहे. सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाला दोनच जोड्या लागायच्या. १९९९ साली तांब्यावरच्या गिगाबिटचं मानक आलं आणि चारही जोड्या कामाला लागल्या. आता समजा, निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार नीट बसलेली नाही. बरीच यंत्रं अशा वेळी काही न बोलता गिगाबिटवरून १०० वर उतरतात. वापरणाऱ्याला वाटतं, नेट हळू आहे. वर्षानुवर्षं त्याला तसंच वाटत राहतं.

आता ओढण्याबद्दल. आमच्यात केबल टाकणं म्हणत नाहीत फारसं, केबल ओढणं म्हणतात. दोन माणसं लागतात: एक बॉक्सपाशी बसून भरवणारं, एक पलीकडून ओढणारं. मध्ये भिंत असते, सीलिंग असतं, पाइप असतो, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. सगळं आवाजावर. "येऊ दे", "थांब", "मागे घे", "अडकली". चांगल्या भरवणाऱ्याच्या हाताला केबल बोलते. पलीकडे जरा जोर लागला की त्याला इकडे कळतं आणि तो न सांगता थांबतो. कारण चार जोड्यांच्या केबलला ओढण्याची मर्यादा आहे ११० न्यूटन, म्हणजे साधारण ११ किलोचं वजन लोंबकळावं इतका ताण. भरली बादली उचलणारा हात यापेक्षा जास्त ओढू शकतो. जास्त ओढली म्हणून केबल तुटत नाही, हीच पंचाईत आहे. तुटली असती तर निदान कळलं असतं. ती ताणते, आतला पीळ लांबतो, जोड्या जागच्या हलतात, आणि वरचं निळं आवरण होतं तसंच गुळगुळीत दिसत राहतं. तीच गोष्ट वळणाची, केबलच्या जाडीच्या चौपटीहून लहान गोलाई द्यायची नाही. तीच गोष्ट करकचून आवळलेल्या टायची.

पाइपात नुसती केबल पुढे ढकलता येत नाही. आधी स्टीलची पट्टी, आम्ही तिला स्प्रिंग म्हणतो, ती सरकवायची, तिच्या टोकाला दोरी बांधून परत ओढायची, मग दोरीला केबल. पाइपाला दोन-तीन वळणं असली की स्प्रिंग मध्येच कुठेतरी टेकते आणि अर्धा दिवस तिथेच जातो. काकांचा नियम होता: पाइप रिकामा सोडायचा नाही. केबलबरोबर आणखी एक नायलॉनची दोरी ओढायची आणि ती तिथेच ठेवायची, दोन्ही टोकं बाहेर बांधून. पुढे कधीतरी इथे आणखी एक केबल लागेल. तेव्हा येणाऱ्याला स्प्रिंग घालावी लागणार नाही. तो दोरीला केबल बांधेल, सोबत नवी दोरी बांधेल आणि ओढेल.

एखाद्या अनोळखी इमारतीत सीलिंग उघडावं आणि पाइपाच्या तोंडाशी अशी गाठ मारलेली दोरी दिसावी, यासारखा आनंद आमच्या कामात दुसरा नाही. मी ती हलकेच ओढून पाहते. दूर कुठेतरी दुसरं टोक हललं की अंगावरचा अर्धा दिवस उतरतो. ज्याने ती ठेवली त्याला मी ओळखत नाही. त्या दिवशी त्यालाही घरी जायची घाई असेलच.

तांब्याविषयी आणखी थोडंच सांगते. केबल ९० मीटर, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड, म्हणजे यंत्राला जोडायच्या सुट्या केबली, मिळून १० मीटर, एकूण १०० मीटरच्या आत राहायचं. त्यापुढे संदेश इतका विरतो की मानक हमी देत नाही. आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकी केली की भिंतीत किती केबल गेली ते कळतं. ही साधी गोष्ट कितीतरी जणांना माहीत नसते. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते: तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल इमारतीत टाकू नका. बॉक्स उचलला की हलका लागतो, सुरीने तार खरवडली की आतून पांढरी निघते. तिचा रोध जास्त, ती ठिसूळ, आणि आता याच तारांवरून वीजही जाते. २००३ च्या मानकात १५.४ वॉट होते, २०१८ च्या मानकात ९० वॉटपर्यंत. पन्नास केबलींच्या जुडग्याच्या पोटात ती उष्णता कुठे जाणार? छताच्या वर, जिथे कुणी बघत नाही, तिथे ती साठत राहते. मालक कितीही आग्रह करो, ती केबल मी ओढत नाही.

काचेकडे मी उशिरा आले. तांब्यात हाताला काहीतरी लागतं; फायबरमध्ये हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. पिवळं आवरण काढायचं, आतले पिवळसर मजबुतीचे धागे कापायचे, मग रंगीत लेप उतरवायचा, आणि चिमटीत उरते १२५ मायक्रॉन जाडीची नागडी काच. जाडसर केसाएवढी. त्यातही प्रकाश चालतो तो मधल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. भोवतालची काच गाभ्याहून किंचित विरळ असते, म्हणून गाभ्यातून तिरपा जाणारा प्रकाश कडेला आदळून आतच परततो. तो प्रकाश डोळ्यांना दिसतही नाही, १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा असतो. म्हणून चालू फायबरच्या टोकात कधी बघायचं नाही. दिसत नाही याचा अर्थ तिथे काही नाही असा होत नाही.

ही काच इतकी स्वच्छ कशी झाली ती गोष्ट मला फार जवळची आहे. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी एक निबंध लिहिला. तेव्हाच्या चांगल्या काचतंतूत २० मीटरवर शंभरातला एक भाग प्रकाश उरायचा. सगळे म्हणत, काचेतून दूरचं बोलणं होणार नाही. काओ यांचं म्हणणं असं की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. अशुद्ध द्रव्यं काढा, मग १ किलोमीटरवर शंभरातला एक भाग नक्की उरेल, आणि तेवढा कामाला पुरेल. १९७० साली कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मौरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी ती मर्यादा ओलांडून दाखवली. आज मी जी फायबर इमारतीत टाकते तिच्यात १५५० नॅनोमीटरला शंभरातला एक भाग उरायला १०० किलोमीटर जावं लागतं. काओ यांना २००९ साली नोबेल मिळालं. तोवर त्यांना विस्मरणाच्या आजाराने घेरलं होतं. त्यांचं नोबेल व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी दिलं.

मळाचा हा हिशोब आमच्यापर्यंत जसाच्या तसा येतो. कनेक्टरच्या तोंडावर बोट लागलं, कापडाचा तंतू राहिला, धुळीचा डोळ्यांना न दिसणारा कण बसला, की ९ मायक्रॉनच्या दारात दगड ठेवल्यासारखं होतं. कनेक्टर लावण्याआधी सूक्ष्मदर्शकातून त्याचं तोंड बघायचं, पुसायचं, पुन्हा बघायचं. नवा, पाकिटातून काढलेला असला तरी. टोपी काढली की लगेच जोडायचं, तोवर टोपी काढायचीच नाही. मी इतक्यांदा पाहिलं आहे, लिंक येत नाही म्हणून लोक महागडी मॉड्यूल बदलतात, केबल बदलतात, आणि शेवटी दोष एका पुसणीने जातो.

फायबर जोडताना मला शांतता लागते. आधी जोडावर चढवायची छोटी नळी एका टोकात ओवून घ्यायची. ही विसरली तर जोड कितीही सुंदर होवो, तो तोडून पुन्हा करावा लागतो. मग काच पुसायची, क्लीव्हरने काटकोनात छाटायची. छाटलेला तुकडा लगेच डबीत. तो जमिनीवर पडला तर दिसत नाही, त्वचेत शिरला तर निघत नाही. म्हणून काळी चटई अंथरून काम करायचं आणि त्या जागी खाणंपिणं नाही. दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवली की पडद्यावर ती दोन जाड खांबांसारखी दिसतात. मशीन त्यांना वरखाली, उजवीडावीकडे सरकवत एका रेषेत आणतं, क्षणभर विजेची ठिणगी पडते, आणि मधली फट नाहीशी होते. जोडावर किती प्रकाश वाया जाईल त्याचा आकडा पडद्यावर येतो, ०.०२ डेसिबल. दिवसाला साठ जोड केले तरी त्या ठिणगीच्या क्षणी मी श्वास धरते. सवय गेली नाही, आणि जावी असं वाटतही नाही.

एका कामावर एक अख्खा मजला मधूनच बंद पडायचा. आठवडाभर कुणी काही शोधलं नव्हतं. मी रॅकमधली पॅच कॉर्ड काढून तिच्यात लाल लेझरचा पेन लावला आणि खोलीतले दिवे बंद केले. कपाटाच्या मागे, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, पिवळ्या आवरणातून एक लाल ठिपका निखाऱ्यासारखा पेटला. कुणीतरी कपाट भिंतीला सरकवलं होतं आणि फायबर तिथे काटकोनात दुमडली होती. वळण इतकं तीव्र झालं की आत आदळून परतणारा प्रकाश परतायचा थांबला आणि बाहेर सांडायला लागला. कपाट वीतभर पुढे घेतलं. ठिपका विझला. त्या अंधारात उभं राहून मी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पाहिलं, की आपण भिंतीतून प्रकाश नेतो.

आता ज्या गोष्टीवर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात, तिच्याविषयी. मजल्यामजल्यांतून जाणारा शाफ्ट असतो. केबल वर न्यायला आपण स्लॅबला भोक पाडतो. भिंतीच्या पलीकडे जायला भिंतीला भोक पाडतो. ती भिंत आग दोन तास अडवण्यासाठी बांधलेली असते, आणि आपण तिच्यात धुराला वाट करून देतो. केबल ओढून झाली की ते भोक आगरोधक द्रव्याने भरणं आपलं काम आहे. आपलंच. गवंड्याचं नाही, रंगाऱ्याचं नाही.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचं अणुवीज केंद्र आहे. २२ मार्च १९७५ रोजी तिथले कामगार केबली जिथून भिंतीपलीकडे जातात ती भोकं बुजवत होते. वापरत होते फोम. हवा अजून कुठून गळते ते पाहायला त्यांनी मेणबत्ती धरली. ज्योत हवेबरोबर आत ओढली गेली, फोमने पेट घेतला, आग केबलींवरून भिंतीच्या पलीकडे गेली. सुमारे सात तास ती धुमसत राहिली आणि १६०० हून अधिक केबली निकामी झाल्या. त्यांत सुरक्षेच्या यंत्रणांच्या केबलीही होत्या. मोठा अनर्थ टळला. मला या घटनेत सतत तो माणूस दिसतो, हातात मेणबत्ती धरलेला. तो निष्काळजी नव्हता. तो गळती शोधत होता, भोक नीट बुजलं आहे का ते तपासत होता. त्याच्या हाती चुकीचं द्रव्य आणि चुकीचं साधन दिलेलं होतं.

एका इमारतीत काम संपत आलं असताना देखरेख करणाऱ्याने मला सांगितलं, शाफ्टमधली भोकं साध्या फोमने भरून वर रंग मारून घ्या, उद्या ताबा द्यायचा आहे. सहा मजले होते. मी नाही म्हटलं. वाद झाला, आवाज चढले, त्यानंतर त्यांनी मला पुढचं काम दिलं नाही. मी आणि माझ्या दोघा सहकाऱ्यांनी रात्रभर बसून सहाही मजल्यांची भोकं खनिज लोकर आणि आगरोधक सीलंट घालून बंद केली, प्रत्येकाचा फोटो काढला, शेजारी तारखेची चिठ्ठी लावली. त्या शाफ्टचं दार बहुधा वर्षानुवर्षं उघडलं जाणार नाही. वरच्या मजल्यांवर माणसं बसतात. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

चिठ्ठीचं निघालं म्हणून सांगते. केबलच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक, रॅकमधल्या पॅच पॅनलवर, म्हणजे सगळी टोकं जिथे येतात त्या पट्टीवर तोच, फेसप्लेटवर तोच, आणि नकाशावर तोच. इतकं साधं. तरी रॅकसमोर उभं राहून, दोनशे सारख्या निळ्या केबलींमधून एक शोधताना, केबल शोधायच्या यंत्राचा, टोनरचा पीं-पीं आवाज कानाला लावून, मी किती तास घालवले आहेत त्याला गणती नाही. क्रमांक लिहिणाऱ्याला त्या दिवशी तो नको असतो, त्याला सगळं तोंडपाठ असतं. काकांच्या टॅगवरचं अक्षर गोल आणि टपोरं होतं. ते म्हणायचे, "शिडीवर उभ्या माणसाला, मान वाकडी करून, एका हातात टॉर्च धरून वाचता आलं पाहिजे."

काका आता काम करत नाहीत. गुडघे शिडी चढू देत नाहीत.

गेल्या महिन्यात माझ्याकडे नवीन आलेला एक मुलगा आणि मी एका लांब वऱ्हांड्यावरून केबल ओढत होतो. दोन वळणांचा पाइप, दोरी नव्हती, सकाळ सगळी स्प्रिंगमध्ये गेली होती. दुपारी एकदाची दोरी पार झाली. तो पलीकडच्या टोकाला गेला, मी बॉक्सपाशी बसले. केबल दोरीला बांधली, टेप गुंडाळला, आणि पिशवीतून नायलॉनच्या दोरीची नवी गुंडाळी काढून तिचं टोकही त्याच गाठीत घेतलं. त्याने तिकडून विचारलं, "ताई, दोन-दोन का बांधताय? एकच पॉइंट आहे ना इथे?"

"येऊ दे म्हटलं की ओढ," मी म्हणाले. "हळू."

केबल हातातून सरकायला लागली, तिच्याबरोबर पांढरी दोरी. पहिल्या वळणावर जरा जड झाली, मी थांब म्हणायच्या आत त्याचा हात थांबला. थोडी मागे घेतली, पुन्हा सोडली. दुसरं वळणही गेलं. मग बराच वेळ नुसता आवरणाचा पाइपाला घासत जाण्याचा आवाज, आणि तिकडून त्याचा आवाज आला.

"आली, ताई!"

"केबल?"

"केबल आली. दोरीपण. ही कुठे बांधू?"